पिंजऱ्यावरचा मोठा शब्द

ताईला तिसरी मुलगी झाली, त्या वर्षी मालकांनी फरचा कारखाना बंद केला. तिथे कातडीसाठी परदेशातून आणलेली जनावरं पाळत. मांजराएवढे पाणउंदीर, समोरचे दात गाजरासारखे केशरी. आम्ही त्यांना दातऱ्या म्हणायचो. मी त्यांचे पिंजरे धुवायचो.

तेव्हा कालव्यात पाणगवत माजलं होतं. मालक म्हणाले, "बारा नर सोडू. गवत खातील, वाढणार नाहीत, पुढे आपोआप संपतील." पहिले चार मुकादमाने सोडले आणि तो तापाने पडला. उरलेल्या दोन खेपा माझ्याकडे आल्या.

"पाटी बघून पिंजरा उचल," मालक म्हणाले. "वाचता येतं ना तुला?"

"येतं की."

कामाला लागताना मी तसंच सांगितलं होतं, आता माघार कशी घेणार? पाट्यांवर दोनच शब्द होते. एक आखूड, सरळ. दुसरा मोठा, त्याच्या डोक्यावर वळण. दातऱ्याला उलटा धरून खात्री करायची तर बोट गमवायची तयारी हवी. मी डोकं चालवलं. नर अंगाने मोठा, तेव्हा त्याचा शब्दही मोठा असणार. मोठ्या शब्दाचे आठ पिंजरे मी कालव्यावर नेऊन उघडले.

त्यातले दोन रिकामे पिंजरे मी दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला दिले. ते कालव्याच्या बांधावर राखणदार होते. त्यांना कोंबड्या ठेवायच्या होत्या.

चार वर्षांत कालवाभर दातऱ्या झाले. त्यांनी बांध पोखरला आणि एका दुपारी तो खचला. खालची शेतं पाण्यात गेली. चौकशी लागली. कागदावर बारा नर होते, मग माद्या आल्या कुठून? दाजींच्या अंगणात कारखान्याचे दोन पिंजरे सापडले.

साहेबांनी मला विचारलं, "तू सोडलेले सगळे नर होते?"

"पाट्या वाचून सोडले, साहेब," मी म्हणालो. सही तेवढी गिरवायला शिकलो होतो, ती केली.

दाजींची नोकरी गेली. लोक त्यांना 'दातऱ्यांचा बाप' म्हणू लागले. तेच हसून सांगायचे, "घरात तीन मुली, मुलगे सगळे पाण्यात." ऐकणारे हसायचे. मीही हसायचो.

साठी उलटल्यावर मला अक्षरं शिकवायला घेतली ती त्याच तिसऱ्या भाचीने. ती नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती. तिसऱ्या दिवशी तिने पाटीवर दोन अक्षरं जोडून लिहिली.

"मामा, वाच."

शब्द ओळखीचा निघाला. "हा मादी ना?"

"मामा, चष्मा कुठे ठेवलास? नर आहे हा."

"मग मादी कसं लिहितात?"

तिने लिहिलं. काना आला, डोक्यावर वेलांटी आली. खडू डोळ्यात गेला असं सांगून मी उठलो.

त्याच महिन्यात जनावरांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई ताईकडे आल्या. म्हणाल्या, "पलीकडच्या खोऱ्यातही कोणी सहा दातऱ्या सोडले होते. एका थंडीत संपले. इथे कसे टिकले, ते मी शोधतेय."

"इथला पाहुणचार चांगला," दाजी म्हणाले.

बाई हसल्या. "तेही खरंच आहे. गिरणीचं कोमट पाणी कालव्यात येतं, म्हणून तो गोठत नाही. गवत भरपूर, यांना खाणारं कोणी नाही. शिवाय तीन खेपांत सोडले, म्हणून एकाच वाईट आठवड्यात सगळे मेले नाहीत. मादीची आचळं पाठीच्या कडेला असतात, पिल्लं पोहता पोहता दूध पितात. पण आधी मादी तर हवी. गाभण असली तर एकसुद्धा पुरते."

सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं.

"मी नाही आणली, बाई," दाजी म्हणाले. "वीस वर्षं सांगतोय."

मी चहावरची साय बोटाने बाजूला करत बसलो.

तोंडाने सांगायचा धीर नव्हता, म्हणून कालव्याच्या कचेरीला लिहून द्यायचं ठरवलं. आठ माद्या मी सोडल्या, मला वाचता येत नव्हतं, दाजींचा दोष नाही. एवढंच लिहायचं होतं. भाचीला दाखवायची लाज वाटली. पहिल्या कागदावर अक्षर वाकडं आलं, फाडला. दुसऱ्यात वेलांटी चुकली. साहेब हसतील म्हणून तोही फाडला. माणसाची वीस वर्षं गेली होती आणि मी वेलांटी नीट करत बसलो. त्यात दीड महिना गेला.

पाचवा कागद मनासारखा उतरला. कचेरीत देण्याआधी तो दाजींना वाचून दाखवावा म्हणून सकाळीच निघालो. ताई दारात उभी होती. तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला कोणी कळवलं?"

कागद मी पुढच्या आठवड्यात कचेरीत दिला. तिथल्या कारकुनाने तो वाचला, फाइलला लावला आणि म्हणाला, "अक्षर छान आहे, आजोबा."

ताईचा नवरा, कालव्याच्या बांधावरचा राखणदार, धाकट्या मुलीला नोकरी लागली त्या हिवाळ्यात, सोमवारी सकाळी सहा वाजता वारला.