दोन गळ्यांचा कोट

कोट मी दारातूनच ओळखला. आपल्या हातची शिवण कुठली शिंपीण विसरते! राखाडी लोकरीचा, ऐसपैस, गळे दोन आणि बाह्याही दोनच. संग्रहालयाने तो लाकडी पुतळ्यावर चढवून भोवती दोरी बांधली होती, आणि पाटीवर नाव होतं मास्तरांचं.

मास्तर म्हणजे स्वप्नातलं जग रंगवणाऱ्या चित्रकारांच्या टोळीचे म्होरके. बायकांनी स्वप्नात यावं, स्वप्नं पाहायचं काम पुरुषांचं, असं ते भर बैठकीत सांगत आणि आम्हा बायकांना चहा करायला पिटाळत. तिथेच शेगडीपाशी मला घारी भेटली. ती चित्रं काढायची, पोटासाठी मुलींच्या शाळेत शिकवायची. हा कोट तिने कागदावर काढला, मी बेतला, आम्हा दोघींसाठी. मास्तरांनी तो स्वतःच्या नावावर प्रदर्शनात टांगला तेव्हा आम्ही मूग गिळून बसलो. तोंड उघडलं असतं तर दोन बायकांना एका कोटात कशाला शिरायचंय तेही सांगावं लागलं असतं, आणि घारीची नोकरी गेली असती.

आता घारी निवृत्त झाली होती, मास्तर देवाघरी गेले होते. आम्हाला पाटीवर आमची नावं हवी होती, बस्स. आम्हा दोघींबरोबर आलेली माझी भाची मात्र कानाशी लागली, "मावशी, तमाशा नको हं."

संचालक पाहुण्यांना समजावत होते, "यातली खुबी अशी, की हा कोट कुणाला घालताच येत नाही. बटणांपर्यंत हातच पोचत नाही. स्त्री पुरुषासाठी अशीच अप्राप्य..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, तुम्हाला येत नाही म्हणा!"

सगळ्यांनी माना वळवल्या. घारीने शांतपणे दोरी उचलली. "चल गं बुटके."

संचालक "अहो, अहो" करेपर्यंत आम्ही कोट पुतळ्यावरून उतरवून त्यात शिरलोसुद्धा.

"पोट सुटलंय गं माझं," घारी कुजबुजली.

"माझं काय कमी आहे? श्वास आत घे."

आतले हात एकमेकींच्या कमरेभोवती गेले, बाहेरचे बाह्यांत. त्या बाह्या मी मुद्दाम अशा आडव्या बसवल्या होत्या, की हात स्वतःच्या गळ्याशी वळतच नसे, आपसूक दुसरीच्या गळ्याशी जाई. घारीने माझी बटणं लावली, मी तिची. कोट बेतल्यासारखा बसला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

संचालकांना घाम फुटला. "बाई, कृपा करून उतरवा. वस्तू नाजूक आहे."

"मी कशी उतरवू?" घारी म्हणाली. "माझी बटणं हिच्या हातात."

"आणि माझी हिच्या," मी म्हटलं. "आधी ती पाटी उतरवा."

संचालक जागचे हलेनात. मग पुढे झाली ती माझी भाची. तिने पाटी उपटली, संचालकांच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नवी करा. ही माझी मावशी." मग घारीकडे वळली. आजवर ती घारीची ओळख मावशीची मैत्रीण अशीच करून द्यायची. "आणि ही मावशीची जोडीदार. कोट दोघींनी मिळून केलाय, दोघींच्याच अंगाचा."

संचालकांनी खिशातून पेन काढलं आणि निमूटपणे आमची नावं विचारली.

मग आम्ही एकमेकींची बटणं काढली, भर सभेत, सावकाश.