रिंगणातलं पिल्लू

"इंजिन बंद करून नुसतं बसायचं तर आपली गोखिवऱ्याच्या घराची गॅलरी काय वाईट होती?" मागच्या फळीवरची बाई नवऱ्याच्या कानात कुरकुरली. बोट एवढीशी, कानातलं सगळ्यांना ऐकू येतं.

मी वळून म्हटलं, "गॅलरीतून डॉल्फिन दिसतात का हो ताई? थांबा जरा. त्यांना वाटलं तर येतील. आपण पाहुणे."

गेल्या वर्षापासून आमच्या बोटीचा हा नियम: डॉल्फिनच्या जागेपासून लांबच इंजिन बंद, मागे लागायचं नाही. बाकीच्या बोटवाल्यांनीही पाळावा म्हणून मी अर्नाळ्यात घरोघर फिरले. चहा सगळ्यांनी दिला, हो कोणी म्हटलं नाही. मग रविवारच्या चर्चमधल्या मिस्सानंतर परत गेले. परत चहा.

सुकाणूवर माझा नवरा, सेबेस्टियन. नियम पाळतो, त्यावर बोलत मात्र नाही.

तेवढ्यात पाणी फुटलं. तीन करड्या पाठी आणि चौथी लहानशी, आईला चिकटलेली. बाई फळीवरून पुढे झुकली.

आणि आमच्याच गावच्या धनेशची बोट आली. त्याचे प्रवासी उभे, मोबाईल वर. त्यानं मासळीला घालतात तसा डॉल्फिनना वेढा घातला. आमच्या लोकांच्या हाताला सवयच ती. पाण्यात काही चमकलं की गोल फिरायचं, जाळं नसलं तरी. दर फेरीला रिंगण लहान होत गेलं. पिल्लू आत राहिलं, आई बाहेर.

तो आमच्या जवळून वळताना मी फळीवर चढून ओरडले, "धनेश, इंजिन बंद कर!"

"दर्याची मुकादम कोनी केली तुला, मॅग्डलीन वयनी? पानी काय तुज्या नावावर हाय?"

"मागच्या वर्षीचं पिल्लू विसरलास?"

"ते जहाजानं मारलं. सगल्या गावाला ठावं हाय!"

किनाऱ्याला लागलं होतं ते, पाठीवर ओळीनं चार वार. जहाजाचं काम, सगळे म्हणाले. एवढ्या उथळ पाण्यात जहाज येतं कुठून, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. त्या संध्याकाळी बोटीचा पाणी कापणारा पंखा घासत बसलेल्या माझ्या नवऱ्याला तर मुळीच नाही.

धनेशनं पुन्हा सुकाणू वळवलं. तेव्हा सेबेस्टियन उठला. प्रवाशांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"जहाज नव्हतं, धनेश! मी असाच वेढा घातलेला. ते पिल्लू माज्या पंख्यात गेलं."