शरदिनीताईंच्या दारची कचराकुंडी

मित्रांनो, नाकाला रुमाल लावून पुढे जाऊ नका. क्षणभर माझ्यापाशी थांबा. मी लोखंडाची कचराकुंडी आहे. काशीत बालाजी घाटाच्या वर जी मराठी माणसांची गल्ली आहे, तिथे एका दाराशेजारी मी उभी असते. माझा तळ गंजला आहे, एक कडी तुटली आहे आणि हिरवा रंग कुठे कुठेच उरला आहे. पण मला बोलायचे आहे ते माझ्याविषयी थोडे आणि दोन बायकांविषयी जास्त.

माझा जन्म शहराच्या कारखान्यात झाला. पाण्याचा एक जुना टँकर मोडीत निघाला होता, त्याच्या पत्र्यापासून मला घडवले. मला रंग दिला, बाजूला पांढऱ्या अक्षरांत ‘कृपया कूडा इसमें डालें’, म्हणजे कचरा यात टाका, असे लिहिले. मला वाटले, आपण जाऊ तिथे लोकांना आनंद होईल. मी तेव्हा कोरी होते.

मला गल्लीत मागवून घेतले ते शरदिनीताईंनी. एकोणीसशे पंच्याण्णव साली महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा हा प्रभाग पहिल्यांदाच बायकांसाठी राखीव झाला. तुमच्याकडे महाराष्ट्रात ज्याला नगरसेवक म्हणतात त्याला इकडे सभासद म्हणतात. शरदिनीताई मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायच्या. त्यांचे पती यज्ञेशशास्त्री यात्रेकरूंना घरी उतरवून घ्यायचे आणि त्यांची धार्मिक कृत्ये करायचे. गल्लीतल्या मोठ्या माणसांनी शरदिनीताईंना सांगितले, “तुम्ही नुसत्या नावाला उभ्या राहा. दफ्तरातलं काम शास्त्रीबुवा बघतील.” त्या उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि सुरुवातीला सभांना खरोखरच शास्त्रीबुवाच जात. पण गल्लीच्या वळणावर कचऱ्याचा ढीग साचायचा, त्यावर गाई तुटून पडायच्या, म्हातारी माणसे घसरायची. तो ढीग हटवण्याचे काम शरदिनीताईंनी स्वतःकडे घेतले. त्यांनी खेटे घातले आणि मला मिळवले.

गल्ली इतकी अरुंद की गाडी येणे शक्यच नव्हते. चार माणसांनी मला बांबूला अडकवून खांद्यावरून आणले. एखाद्या पालखीसारखी मी आले! वळणावर मला ठेवले, आणि लगेच शेजारच्या घरातून ढुंढिराजकाका बाहेर आले. तेही यात्रेकरूंना उतरवून घेत.

“इथं? माझ्या भिंतीला लागून?” ते म्हणाले. “इथून माझे यात्रेकरू यजमान पंचगंगा घाटावर स्नानाला जातात. सकाळी सकाळी त्यांना दर्शन कुणाचं, तर कूड्याचं?”

“काका, ढीग तर इथंच पडायचा,” शरदिनीताई म्हणाल्या.

“ढीग आपोआप पडायचा. ही तुम्ही आणून ठेवलीत. यात फरक आहे.”

मला उचलले आणि विहिरीपाशी ठेवले. तिथल्या लोकांनी शाळेच्या फाटकाशी ढकलले. शाळेने देवळाच्या मागे पाठवले. कचरा सगळ्यांच्याच घरात होत होता, पण कुंडी कुणालाच नको होती. एके दिवशी कुणीतरी मला घाटाच्या पायऱ्यांवरून लोटून दिले. गडगडत खाली गेले, तेव्हाच माझी कडी तुटली. मला वर आणणारी माणसे वैतागून म्हणाली, “अब कहाँ रखें, दीदी?”

शरदिनीताईंनी आपल्या दाराकडे पाहिले. मग म्हणाल्या, “हमारे दरवाज़े पर रख दीजिए.”

यज्ञेशशास्त्री आतून धावत आले. “अगं, काय करतेस! आपल्याकडे अकोला-सोलापूरहून माणसं येतात. आई-बापाचं कार्य करायला येतात. त्यांनी या दारातून आत यायचं?”

“आपल्या दारात नको म्हणायचं आणि दुसऱ्याच्या दारात ठेवायला सांगायचं, ते कुठल्या तोंडानं सांगू?”

शास्त्रीबुवा आत निघून गेले. त्या दिवसापासून ते माझ्याकडे न बघताच आत-बाहेर करू लागले.

माझे बरे दिवस सुरू झाले ते फुलमतीमुळे. ती कचेरीची रोजंदारीवरची सफाई कामगार होती; रोज सकाळी झाडू, फावडे आणि टोपली घेऊन यायची. मला रिकामी करायची, कचरा मोठ्या रस्त्यावरच्या गाडीपर्यंत नेऊन टाकायची, मग माझ्याभोवती चुन्याची रेघ ओढायची. रेघ वाकडी आली तर पुसून पुन्हा काढायची. शरदिनीताई तिला मातीच्या कुल्हडात चहा द्यायच्या आणि स्वतःचा कुल्हड घेऊन पायरीवर तिच्याजवळ बसायच्या. ढुंढिराजकाका जाता-येता खाकरायचे. त्या दोघी हसायच्या. वळणावरचा ढीग नाहीसा झाला. शहराच्या कचेरीतून एक साहेब आला, मला बघून ‘बहुत बढ़िया’ म्हणाला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले कौतुक एवढेच, पण ते मला पुरले.

पुढच्या वर्षी भाद्रपदात शहरातली गटारे तुंबली. फुलमतीचा नवरा रामधनी एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर गटारे साफ करायचा. ठेकेदाराच्या माणसाने त्याला झाकण उघडून खाली उतरायला सांगितले. कमरेला दोर बांधला नाही. आतल्या विषारी वायूने रामधनी खालीच गुदमरला.

ठेकेदार म्हणाला, हा आमचा माणूस नव्हे. कचेरीने सांगितले, आमच्या नोंदीत हे नाव नाही. मग तो कुणाचा होता? सगळ्या सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवले. रामधनी कामावर असताना गेला हे मान्य करा आणि फुलमतीला पक्की नोकरी द्या, एवढेच त्यांचे मागणे होते.

मी भरत गेले. आधी काठापर्यंत, मग काठावरून ओसंडून पायरीपर्यंत. केळीची साले, शिळे अन्न, निर्माल्य, सगळे एकमेकांत कुजू लागले. माश्यांचे ढग जमले. दोन वर्षांपूर्वी सुरतेत प्लेग आला होता, त्याची भीती लोकांच्या मनात ताजी होती. आणि नेमका पितृपक्ष तोंडावर आला. वर्षभरात यात्रेकरूंची खरी गर्दी याच पंधरवड्यात होते. शास्त्रीबुवांचे घर त्यावरच चालायचे.

अकोल्याचे एक कुटुंब आले. त्यांच्या तीन पिढ्या याच दारात उतरत आल्या होत्या. त्यातल्या बाईंनी नाकाला पदर लावला, नवऱ्याला काहीतरी सांगितले, आणि ती सगळी माणसे ढुंढिराजकाकांच्या दाराकडे वळली. शास्त्रीबुवा उंबऱ्यात उभे होते. त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. माझ्यामुळे त्या माणसाची मान खाली गेली, आणि मला तर जागचे हलताही येत नव्हते.

संध्याकाळी गल्ली दारात जमली. ढुंढिराजकाका पुढे होते. “सभासद झालात ना? मग उचला की!” ते म्हणाले. “पोरंबाळं आजारी पडायची वाट बघताय का?”

शरदिनीताईंनी पदर खोचला, फावडे घेतले आणि टोपली भरायला लागल्या. कुणी पुढे झाले नाही. एक टोपली भरली, ती उचलून त्या निघणार, एवढ्यात गर्दीतून फुलमती आली. तिच्या भांगात शेंदूर नव्हता. कितीतरी दिवसांनी ती मला दिसली.

“दीदी, टोकरी रख दीजिए,” ती म्हणाली. “आप उठा लेंगी तो दफ़्तर वाले कहेंगे, काम तो चल ही रहा है.”

“अगं पण लोक बीमार पड़ेंगे, फुलमती.”

“हमारा आदमी मर गया, दीदी. तब कौन आया पूछने?”

शरदिनीताईंचे हात टोपलीच्या काठावर तसेच राहिले. एका बाजूला गल्ली, जिने त्यांना निवडून दिले. मागे नवरा, ज्याचे वर्षाचे उत्पन्न त्या वासाने पळवले होते. समोर ही बाई. मी त्यांच्या अगदी जवळ होते. त्यांनी एकदा गल्लीकडे पाहिले, एकदा फुलमतीकडे.

त्यांनी टोपली खाली ठेवली.

गल्लीत एकच गलका झाला. शरदिनीताई पायरीवर चढल्या. “उद्यापासून मी रोज यावर चुना आणि औषध टाकीन. आजार होऊ देणार नाही. पण हा तंटा मिटेपर्यंत ज्यानं त्यानं आपला कूडा आपल्या घरात ठेवायचा.”

“घरात?” ढुंढिराजकाका ओरडले.

“दारात चालत नाही, घरात चालत नाही. मग इतके दिवस तो कुठं जात होता, काका? फुलमतीच्या डोक्यावरून जात होता.”

लोक पाय आपटत निघून गेले. शास्त्रीबुवा हळू आवाजात म्हणाले, “उद्या सभा आहे. मी जातो. दोन गोड शब्द बोलून मिटवून टाकतो.”

“नको,” शरदिनीताई म्हणाल्या. “उद्या मी जाईन. निवडून मी आले आहे.”

सभेत काय घडले ते मी शरदिनीताईंच्या तोंडून ऐकले, कारण परत आल्यावर त्या पायरीवरच बसल्या आणि शास्त्रीबुवांना सांगू लागल्या. त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा कुणी म्हणाले, “पंडितजी को भेज दीजिए, बहनजी.” त्यांनी तरीही रामधनीचे नाव घेतले. मग मधल्या जागेत जमिनीवर बसल्या आणि उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही म्हणाल्या. आधी त्या एकट्याच होत्या. थोड्या वेळाने दुसऱ्या प्रभागातली एक मुसलमान बाई येऊन शेजारी बसली. मग आणखी काही जणी आल्या. “त्यांची नावंही मला माहीत नव्हती हो,” शरदिनीताई म्हणाल्या आणि तोंडावर पदर घेऊन रडल्या. शास्त्रीबुवा त्यांच्याजवळ बसले. माझा वास येत असूनही बसून राहिले.

आणखी काही दिवस ताणाताणी झाली. शेवटी फुलमतीला पक्की नोकरी मिळाली. पण रामधनी कामावर असताना गेला, हे काही कुणी लिहून दिले नाही. ठेकेदाराला काढले, पुढे त्याच्याच भावाला ठेका मिळाला. पितृपक्ष जवळजवळ संपला होता.

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी कामगार पुन्हा आले. सगळ्यांत पुढे फुलमती होती. तिने मला तळापर्यंत रिकामी केले, धुतले आणि फावडे भिंतीला टेकवून निघाली. तेवढ्यात शास्त्रीबुवांनी दारातून हाक मारली. आजवर ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

“रामधनी का पिंड किसी ने दिया?”

फुलमतीने मान हलवली. “कौन देता, महाराज?”

“बाल-बच्चे?”

“नहीं हैं.”

“तो तुम दोगी. नहाकर आओ. मैं कराता हूँ.”

ती बघतच राहिली. शास्त्रीबुवांनी विचारले, “गोत्र क्या था?”

“हमको क्या मालूम.”

“जिसका मालूम नहीं, उसका काश्यप.”

ढुंढिराजकाका आपल्या दारात उभे राहून ऐकत होते. “यज्ञेश, हे बरं नाही. उरलेले यजमानही जातील,” ते म्हणाले.

“गेले तर गेले,” शास्त्रीबुवा म्हणाले.

पूर नुकताच ओसरला होता, घाटावर गाळ होता. शास्त्रीबुवा दर्भ आणि तीळ घेऊन पुढे, ओल्या लुगड्यातली फुलमती मागे आणि तिचा हात धरून शरदिनीताई, अशी तिघे पायऱ्या उतरली. पुढचे मला दिसले नाही.

काकांचे म्हणणे खरे झाले. त्या दारातले यात्रेकरू कमी झाले ते झालेच. शास्त्रीबुवा आता एका पाठशाळेत शिकवतात. शरदिनीताईंची मुदत संपत आली आहे आणि गल्लीला दुसरा कुणी हवा आहे. नवा सभासद आला की मला इथून हलवणार, असे मी ऐकते. कुठे, ते कुणी सांगत नाही.

मित्रांनो, माझी हरकत नाही. मी पत्रा आहे, गंजून जाईन. पण तुमच्या दारातला कचरा रोज कुणीतरी नेतो, तो माणूस एखाद्या दिवशी आला नाही, तर आधी कचऱ्याची तक्रार घेऊन धावू नका. तो का आला नाही, ते विचारा. त्याच्या घरी जाऊन विचारा.