वळणापलीकडचा फ्लॅश

शनिवारी सकाळी बाबांनी त्यांचा कॅमेऱ्याचा सर्वांत जुना फ्लॅश पावाच्या कागदी पिशवीत घातला आणि ती पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसले. आमच्या दिवाचा गावापासून राजधानी लुब्लियाना तासाभराच्या अंतरावर आहे.

"मागच्या सीटवर ठेवा ना," मी गाडी सुरू करत म्हटलं.

"मागे हिंदकळतो."

"फ्लॅश आहे बाबा, सूप नाही."

"सूप सांडलं तर तुझी आई दुसरं करते. हा सांडला तर संपलं."

बाबा एकाहत्तर वर्षांचे होते. जन्मभर रेल्वेत सिग्नल सांभाळले आणि सुटीच्या दिवशी दोरावरून गुहांत उतरून फोटो काढले. आमच्या क्रासच्या चुनखडीच्या पठारावर पाणी वर टिकत नाही, जिथून वाट मिळेल तिथून खाली जातं. "तुझा बापही त्यातलाच," असं आई म्हणायची, आणि पाव बांधून द्यायची. दोन पुड्या. एक बाबांची, एक मिलोय्काची.

वायरलेस ट्रिगर घ्यायची कल्पना माझी होती. कॅमेऱ्यावर एक छोटी डबी बसवायची, दूर ठेवलेल्या फ्लॅशला दुसरी जोडायची. शटर उघडलं की डबी डबीला निरोप देते आणि फ्लॅश उडतो. तो धरून माणूस उभा राहायला नको. तीन आठवडे मी त्यावर मिळेल ते वाचत होते. मी सेझानाच्या ग्रंथालयात काम करते, शोधून काढणं हा माझा धंदाच. वयाच्या मानाने बाबांना सोपं पडावं, असं मी घरी सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. जो माणूस उभा राहायला नको, तो मिलोय्का होती.

मी शिकायला लुब्लियानाला गेले त्या वर्षी ती गुहावाल्यांच्या मंडळात आली. एकोणीस वर्षांची, टपालखात्यात नुकतीच लागलेली. तेव्हापासून सव्वीस वर्षं बाबांच्या प्रत्येक फोटोत वळणाच्या पलीकडून जो उजेड येतो, तो तिच्या हातातला. बाबांच्या वहीत प्रत्येक गुहेचा एक कच्चा नकाशा असे. कॅमेऱ्याच्या जागी फुली, जवळच्या फ्लॅशला एक गोल, आणि लांबच्या गोलात 'मि'. मी ती वही उघडायचे आणि मिटायचे.

दुकानातल्या माणसाने दोन खोकी काउंटरवर ठेवली. एकावर चकचकीत पडदा होता, फ्लॅशचा जोर कॅमेऱ्यावरूनच कमीजास्त करता यायचा. दुसरं साधं, काळं, एकच जाडजूड बटण.

"हा घ्या," तो पडदेवाला पुढे सरकवत म्हणाला. "शंभर मीटर जातो."

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे... मोकळ्या जागेत."

"मोकळ्या जागेत मला फ्लॅश कशाला लागतो? तिथे सूर्य असतो."

तो हसला. "लग्नांचे फोटो काढता का तुम्ही?"

"एका परीने. माझी नवरी लाखभर वर्षं एका जागी उभी आहे. छतातून डोक्यावर पाणी टपकतंय, तरी हलत नाही." बाबांनी पिशवीतून फ्लॅश काढला. "ओल्या दगडातून जातो का?"

आता त्याचा चेहरा जरा गंभीर झाला. पडदेवाल्याच्या लहरी आखूड, त्या पाण्यात विरतात; साध्याच्या लांब, त्या दगडाच्या कडेने थोड्याफार वळतात. मला हे माहीत होतं, तरी मी त्याला सांगू दिलं. जुने फ्लॅश उडताना मागे विजेचा असा झटका देतात की नाजूक ट्रिगर जळून जातो, हेही त्याने सांगितलं, आणि मीटर लावून बाबांच्या फ्लॅशचा झटका मोजून दाखवला. पडदेवाला बाद झाला. बाबांनी साध्याचं बटण हातमोजा घालून दाबून पाहिलं, चिखल लागल्यासारखा अंगठा त्यावर घासला, साधे सेल चालतात ना विचारलं. पसंत.

"फ्लॅशला जोडायचे रिसीव्हर किती देऊ?"

"दोन," मी म्हटलं.

"एक," बाबा म्हणाले. "जवळच्या फ्लॅशला."

"आणि लांबच्याला?"

"तिथे मिलोय्का असते."

तिथे भिंत आहे, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

"अहो बाबा, तीसुद्धा आता पंचेचाळीसची झाली. गुडघा धरून चालते. कशाला तिला दर वेळी ताटकळवायचं?"

"तू तिचा गुडघा कधी पाहिलास?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बऱ्याच वर्षांत त्यांनी मला इतकं नीट पाहिलं नव्हतं. मग ते समोरच्या काचेतल्या भिंगांकडे वळले, आणि त्यांची पाठ आहे तेवढ्यात मी दुसरा रिसीव्हर विकत घेऊन पर्समध्ये टाकला.

परतताना त्यांनी स्टेशनजवळून मांस भरलेल्या पापुद्र्यांचा बुरेक घेतला. तीन.

"आई खाणार नाही," मी म्हटलं. "तिला तेलकट चालत नाही."

"हा मिलोय्काचा. तिला गारच आवडतो."

आईला काय आवडतं ते मला ठाऊक होतं. मला बुरेक गरम आवडतो की गार, ते बाबांना ठाऊक असेल का, असा विचार करत मी वाटेतला वऱ्हनिकाचा चढ ओलांडला. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने करावा असा तो विचार नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाबा मागच्या अंगणात अक्रोड वेचायला गेले. आईने कॉफीसाठी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती स्वतः गेली. बादली अर्धी भरली होती.

बाबांच्या दफनाच्या दिवशी मंडळातली माणसं आईला भेटली, मला भेटली आणि मग बराच वेळ मिलोय्काभोवती उभी राहिली. तिचे डोळे सुजून बारीक झाले होते. माझे कोरडे होते. तिचं रडणंही मला माझ्याकडून घेतलेलं वाटलं.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. मंडळात बाबांना सगळे उस्ताद म्हणत.

"तादेया, उस्तादांचा एक फोटो अर्धा राहिलाय. त्या खचलेल्या खळग्याजवळच्या गुहेतलं मोठं दालन. वहीत सगळं मांडून ठेवलंय त्यांनी, फक्त काढायचाय."

"मग काढा की तुम्ही लोक."

"नवे ट्रिगर तुझ्याकडे आहेत."

मी नाही म्हणू शकले असते. पण पर्समधली डबी चार महिने मला बोचत होती. वळणापलीकडे ती ठेवावी, फ्लॅश उडावा, आणि मिलोय्काने ते उभ्या उभ्या पाहावं, एवढंच मला हवं होतं.

खाली आम्ही तिघं उतरलो. दोर बांधायला रादो होता, मंडळाचा अध्यक्ष, साठीचा, तोंडाळ. दालनाची उंची कळावी म्हणून फोटोत त्यालाच उभं राहायचं होतं.

"मी काय करू?" त्याने दगडावर चढत विचारलं.

"काही करू नकोस," मिलोय्का म्हणाली.

"ते मला जमतं. बायको साक्षीला आहे."

तिने ट्रायपॉड लावला. वहीतलं पान उघडून दगडावर ठेवलं. फुली, गोल, लांबच्या गोलात 'मि'. मी जवळच्या फ्लॅशला रिसीव्हर जोडला. मग दुसरा काढला.

"दोन होते?" तिने विचारलं.

"हो."

"उस्ताद तर एकच घेणार होते. मला फोनवर म्हणाले होते."

"मी घेतला. तुझ्या जागी लावायला."

माझ्या अपेक्षेपेक्षा ते वाक्य जास्त मोठ्याने उमटलं. मिलोय्का म्हणाली, "लाव की. बघू."

वळण ओलांडून मी फ्लॅश दगडाच्या खोबणीत ठेवला आणि परत आले. तिने बटण दाबलं. जवळचा उडाला. लांबचा नाही. मी जाऊन त्याची दिशा बदलली. नाही. डबी उंच धरून दगडाच्या कडेला बांधली. एकदा उडाला, पुढच्या चार वेळा नाही. पाणी टपकत होतं, छतातून, कडेवरून, डबीवरून.

"ओल्या दगडातून जातो का, हे उस्तादांनी दुकानात विचारलं असेल," मिलोय्का शांतपणे म्हणाली.

"विचारलं होतं."

"मग?"

"मग काय? तिथे मिलोय्का असते, म्हणाले."

ती हसली नाही. "सव्वीस वर्षांत एकाही फोटोत माझा खांदासुद्धा नाही, माहितेय? खांदा दिसला की ते फोटो फेकायचे." तिने आपला फ्लॅश पट्ट्यातून सोडवून माझ्या हातात दिला. "कॅमेरा मला धरायला हवा, त्यांची मापं मला पाठ आहेत. तू जा तिथे."

"मी?"

"रादोला दगडावरून उतरवायचं तर संध्याकाळ होईल. जा."

पद्धत मला माहीत होती. सगळ्यांनी दिवे मालवायचे. कॅमेऱ्याजवळचा माणूस शटर उघडून 'उघडं!' असं ओरडतो. ट्रिगरमुळे आता जवळचा फ्लॅश त्याच क्षणी उडणार होता. मग लांबच्याची पाळी: नाव पुकारलं की बटण दाबायचं, आणि आपणही आपलं नाव ओरडायचं, म्हणजे उजेड कुणाचा ते कॅमेऱ्यामागच्याला कळतं. शटर उघडंच असतं. अंधारात काही उमटत नाही, त्यामुळे कुणालाही घाई नसते.

अकरा वर्षांची असताना मी एकदाच बाबांबरोबर गुहेत गेले होते. तेव्हा एकदाच उडणारे काचेचे बल्ब असत. मोठा, शेवटचा बल्ब बाबांनी माझ्या हातात दिला होता. दिवे मालवले आणि अंधार माझ्या तोंडात, नाकात शिरला. नाव पुकारायच्या आधीच मी बटण दाबलं. दगडाआड न जाता, भिंगाच्या थेट समोर उभी राहून. उजेड हवा होता, म्हणून. "कोण?" बाबा ओरडले. मी नाव सांगितलं नाही. मी म्हणाले, "आपोआप उडाला."

बाबा म्हणाले, "होतं असं. ओल असते." घरी आल्यावर त्यांनी तो फ्लॅश पूर्ण उघडला, पुसला, पुन्हा जोडला. त्यात काही बिघडलं नव्हतं, हे त्यांना कळलं असणार. त्यांनी मला विचारलं नाही. पुन्हा चल असंही म्हणाले नाहीत. मी त्यांच्या म्हणण्याची वाट पाहत राहिले, आणि मग मिलोय्का आली.

वळणापलीकडे, दगडाच्या मागे, एक पाय नीट मावेल एवढी सपाट जागा होती. मी तिथे उभी राहिले.

"दिवे!" मिलोय्का ओरडली. रादोचा मालवला. तिचा मालवला. मी माझा मालवला.

"उघडं!"

वळणाच्या पलीकडे जवळचा फ्लॅश उडाला. माझ्यापर्यंत फक्त छताची एक ओली कड आली आणि गेली. मग अंधार. बटणावर अंगठा होता. तोच अंधार, तसाच तोंडात शिरणारा. मी दाबलं नाही.

"तादेया!"

मी दाबलं. सगळा दगड पांढरा झाला, माझ्यापुढची सावली पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली, आणि विझली. आता नाव ओरडायचं होतं.

"तादेया?" वळणापलीकडून पुन्हा आवाज आला. "कोण होतं? आपोआप उडाला का?"

"नाही," मी म्हटलं. मग पुन्हा, मोठ्याने. "नाही. मीच. मी दाबलं. तेव्हाही मीच दाबलं होतं, बाबा. मला भीती वाटली होती. बल्ब चांगला होता. आणि मला पुन्हा तुमच्याबरोबर यायचं होतं."