सरांची फ्लॉपी

ते साल १९९८. छापखान्यात दोन कॉम्प्युटर होते. दाराजवळच्या जुन्यावर गिऱ्हाइकांच्या फ्लॉपीत व्हायरस आहे का ते आधी पाहायचं, मगच ती आतल्या नव्यात घालायची. हा नियम मालकीणबाईंचा. त्यांनी तो सख्ख्या भावालाही मोडू दिला नव्हता.

एके दुपारी मालकांचे शाळेतले सर आपलं पुस्तक फ्लॉपीत घेऊन आले. बाई दाराजवळच्या कॉम्प्युटरकडे वळल्या, तसे मालक कुजबुजले, "अगं, सरांची झडती घेतेस? काय वाटेल त्यांना?"

"अहो, व्हायरसला काही वाटत नाही."

पण सरांचा हसरा चेहरा पाहून बाईही विरघळल्या. फ्लॉपी थेट आत गेली आणि संध्याकाळपर्यंत छापखान्याची सगळी कामं पुसली गेली.

सरांना कळलं तेव्हा ते मालकांना म्हणाले, "गाढवा, वर्गात मी तुझे खिसे तपासायचो, तेव्हा मला लाज वाटली होती का?"

सगळं पुन्हा उभं करण्यात नवराबायकोचं वर्ष गेलं. सरांचं पुस्तकही निघालं. पुढे सर गेले, मग मालकही. छापखाना आता सून चालवते आणि सासूबाईंचा पेनड्राइव्हसुद्धा आधी तपासते. बाई शेजारी खुर्ची ओढून समाधानाने बघत बसतात.