टाचणी

तिने मास्तरांचा डावा पाय कोमट पाण्याच्या टबातून उचलून मांडीवर घेतला आणि टाच पुसता पुसता तिचा हात थांबला. टाचेत टाचणी होती. पार डोक्यापर्यंत रुतलेली, भोवती साकळलेल्या रक्ताचा ठिपका.

मास्तर खुर्चीत बसून समोरच्या शिलाई मशीनकडे बघत होते.

"पायडलला तेल घालायला हवं गं," ते म्हणाले. "माझ्यासारखंच अडून बसलंय."

ती हसली नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं.

सगळं सुरू झालं ते नागिणीपासून. बरगडीखाली पट्ट्यासारखे फोड आले, आग आग झाली, खपल्या धरून गेलेही. सुटलो म्हणेपर्यंत मास्तरांच्या पायांतलं बळच गेलं. नागिणीमुळे पाठीच्या मज्जारज्जूला सूज आली, असं डॉक्टरांनी सांगितलं. क्वचितच कुणाला होतं म्हणे. मग उचल, बसव, लघवीची पिशवी बदल, यात नशिबाला बोल लावायलाही तिला उसंत मिळाली नाही.

आता ते वॉकर धरून चालत होते. मागच्या तपासणीत तर डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून पायाला टोचलं तेव्हा दरवेळी "हो, कळलं" म्हणाले होते. उद्या पुन्हा तपासणी. पायांत जाणीव आली असेल तर घरी राहायचं, हळूहळू मशीनवर बसायचं. नसेल तर पुन्हा दाखल, पुन्हा सलाईन, पुन्हा तिची वॉर्डाबाहेरच्या बाकावरची झोप. तो बाक नुसता आठवला तरी तिची पाठ धरायची.

रोज केर काढल्यावर ती जमिनीवरून लोहचुंबक फिरवायची. शिंप्याच्या घरात ते चुकवून चालत नाही. आज मात्र वाकणं जिवावर आलं होतं.

तिने टाचणी नखांत धरून सरळ ओढली आणि मुठीत घेतली. मास्तर पायडलकडेच बघत होते.

"अहो, टाचेत टाचणी घुसलीय तुमच्या."

"तरीच! मघापासून टोचतंय काहीतरी."

"काढू?"

"काढ. पण हळू हां."

तिने रिकामी चिमूट हवेतच ओढली.

"स्स... आई गं!" मास्तर कळवळले. अगदी झकास कळवळले.

तिला आधी राग आला, मग त्यांची दया आली. आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण आपण गप्प बसलो तर तो बाक टळेल, हे तिच्या मनात येऊन गेलं होतं.

तिने मूठ उघडून त्यांच्यापुढे धरली. "ही तुम्हाला सांगायच्या आधीच काढली होती मी."

मास्तरांनी टाचणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मग दवाखान्यात कसं ओळखायचात?" तिने विचारलं.



"डॉक्टरांचा कोट कडक इस्त्रीचा असतो," ते म्हणाले. "हात पुढे आला की बाही वाजते."

तिने टाचेला औषध लावलं, पट्टी बांधली. टाचणी पुसून पिनांच्या गादीत खोचली. मग स्टूल ओढून कपाटावरची दवाखान्याची पिशवी खाली काढली आणि त्यांचे कपडे भरले. वर थोडी जागा उरली होती. तिथे तिने बाकावर अंथरायची जाड सतरंजी दाबून बसवली.