आणखी एक काच

“जे येईल ते निम्मं निम्मं घ्या रे,” आई म्हणायची. कैक वर्षांपूर्वीचा तो आवाज बहिणीच्या कानात उमटला आणि त्याच क्षणी भावाच्या हातून काच सुटली. फरशीवर खळ्ळकन चांदणं सांडलं.

“छान!” कॅमेऱ्यामागचा तरुण म्हणाला. “दादा, पुन्हा एकदा. हात जरा जास्त थरथरू दे.”

“माझं तर तो ऐकत नाही. तुमचं ऐकतो का बघा.” जीभ जड झाल्यापासून भावाचा शब्द न् शब्द ठेचकाळत यायचा. “आणि पाडायचीच, तर स्वस्तातली द्या.”

याच दुकानात त्यानं उभी हयात तसबिरींना काचा बसवल्या होत्या. एक रेघ ओढायची, हलकेच दाबायचं, काच मुकाट दुभंगायची. मग वडिलांचा आजार रक्तातून त्याच्यात उतरला. मोजक्या घरांतलं दुखणं. एवढ्याशा गिऱ्हाइकांसाठी औषध शोधायला कोण बसलंय? एका प्रयोगशाळेच्या हाती काही लागत होतं, तर तिथला पैसा आटला. म्हणून ही फिल्म. देणगीदारांना पाझर फुटावा म्हणून.

“आमच्या घरात रोज फुटतं ते पुरत नाही का तुम्हाला?” काचा झाडता झाडता बहीण म्हणाली.

फिल्म काढून घेणाऱ्या संस्थेची बाई ओशाळली. “ताई, मलाही हे आवडत नाही. पण संशोधनाचे आकडे दाखवून कुणी पैसे देत नाही. डोळ्यांनी बघितलं की देतात.”

“मग आणा त्यांना इथं. झाडू देते हातात.”

“चिमणे, गप,” भाऊ म्हणाला. “माझं जे व्हायचं ते झालं. औषध निघालं तर तुझ्या वेळेला उपयोगी पडेल. त्यासाठी दुकानातल्या सगळ्या काचा फोडीन मी.”

तिनं मान वर केली नाही. जिथे एकही तुकडा नव्हता तिथे ती झाडत राहिली.

“वा! ताई, आता तुम्ही,” तरुण सरसावला. “इकडे बघून एवढंच म्हणा, उद्या माझेही हात असेच होणार आहेत.”

भाऊ खुर्चीतून उसळला. “तिच्या तोंडून नाही वदवायचं! रक्त तपासलं की कळतं, ठाऊक आहे आम्हाला. पण आमचं ठरलंय, तिनं तपासायचंच नाही. मला या दुखण्यात एकट्याला टाकून ती...” त्यानं चाचपडत आणखी एक काच ओढली. “ही घ्या! हवी तेवढी फोडतो! तिला सोडा!”

काचेची कड त्याच्या तळव्यात रुतली. बहिणीनं झाडू भिरकावला, तरुणाला कोपरानं ढकललं आणि भावाची बोटं एकेक करून सोडवली.

“बंद कर तो कॅमेरा!”

तरुणानं तो खाली केला. भावाची रक्ताळलेली मूठ तिनं पदरात घट्ट धरली.

“दादा, माझ्यासाठी नको फोडूस,” ती म्हणाली. “मी तपासून आलेय. केव्हाच. मला नाहीये.”